वाट चंद्राकडून सुरू होते

पंधरा दिवस झाले तरी माझं यान चंद्रापाशी थांबायला तयार नव्हतं. यान म्हणजे पडद्यावरची एक हिरवी रेघ. नासाचं जीमॅट नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. कोणालाही ते फुकट उतरवून घेता येतं आणि त्यात अवकाशयानांचे मार्ग आखता येतात. रात्री सगळं आवरलं की मी ते उघडून बसायचे. आकडे भरायचे, चालू करायचे आणि पृथ्वीपासून निघालेली रेघ वाकत वाकत पुढे सरकताना बघत राहायचे. कधी ती चंद्राच्या पुढून निघून जायची, कधी मागून. एकदा थेट चंद्रातच घुसली, तेव्हा मला उगाचच आनंद झाला. निदान भेट तरी झाली!

माझी अट साधी होती. यान पंचवीस किलोचं, इंधन जेमतेम. त्यामुळे मला लांबची वाट हवी होती. ही वाट चंद्राला ओलांडून पार पंधरा लाख किलोमीटरवर जाते आणि मग परत फिरून चंद्राला अलगद मिळते. असं वाचलं होतं, चित्रंही पाहिली होती, पण माझ्या पडद्यावर ती काही केल्या उमटेना. शेवटी एका मैत्रिणीला फोन केला. तिचा दिवसभराचा धंदाच कक्षा आखण्याचा. माझी सगळी रडकथा तिनं शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं,

"सूर्य घातलास का?"

"कुठे?"

"फोर्स मॉडेलमध्ये."

घातला नव्हता. यानाला कोण कोण ओढतंय याची यादी त्या सॉफ्टवेअरला आपण द्यायची असते. मी पृथ्वी दिली होती, चंद्र दिला होता (तोही सापडायला वेळ लागला, कारण तिथे त्याचं नाव लूना आहे). सूर्य पडला पंधरा कोटी किलोमीटरवर, त्याचं इथे काय काम, असं मी गृहीतच धरलं होतं. आणि मी शोधत होते ती वाट तर सगळी सूर्याच्याच जिवावर चालते. पंधरा दिवस मी ज्या विश्वात खटपट करत होते, त्यात सूर्यच उगवला नव्हता.

"आणि दुसरं म्हणजे," ती म्हणाली, "तू पृथ्वीकडून निघतेस. चंद्राकडून निघ."

सूर्याचं लगेच कळलं. हे दुसरं वाक्य डोक्यात शिरायला मात्र बरेच दिवस गेले.

आधी सरळ वाट. अपोलो ११ हे १६ जुलै १९६९ ला निघालं आणि १९ तारखेला चंद्राभोवती फिरायला लागलं. तीन दिवस, बस्स. पृथ्वीपासून दोनशे किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या यानाला चंद्रापर्यंत फेकायचं तर सेकंदाला १०.९ किलोमीटर वेग द्यावा लागतो. चंद्र रोज साधारण तेरा अंश पुढे सरकतो, म्हणून आज तो जिथे दिसतो तिकडे नेम धरून उपयोग नाही, पोचायच्या दिवशी तो जिथे असेल तिथे धरायचा. हे मला पहिल्याच रात्री जमलं. खरी ग्यानबाची मेख थांबण्यात आहे.

वर चढता चढता यानाचा वेग कमी कमी होत जातो. ३,८४,००० किलोमीटरवर पोचेपर्यंत सेकंदाला दोनशे मीटरही उरत नाही. चंद्र मात्र आपल्या वाटेनं सेकंदाला एक किलोमीटर या गतीनं चाललेला असतो. चंद्रावर उभं राहून पाहिलं तर हे यान सेकंदाला आठशेहून अधिक मीटर वेगानं अंगावर येताना दिसेल. त्यात चंद्राची स्वतःची ओढ भर घालते. ऐन जवळ आल्यावर कचकचून ब्रेक मारला नाही तर यान आलं तसं निघून जातं. चंद्रापासून शंभर किलोमीटरच्या कक्षेत स्थिरावायचं तर हा ब्रेक पुन्हा सेकंदाला आठशे मीटरच्या घरात जातो.

आता अवकाशात ब्रेक म्हणजे इंधन जाळणं. हायड्राझिनवर चालणारं साधं इंजिन धरून मी हिशेब केला. पंचवीस किलोच्या यानाला एवढा वेग कापायला साडेसात किलो इंधन लागतं. उतरायची कक्षा उंचावरची निवडली, लांबची वाट धरली आणि लागणारा वेगबदल दोनशे मीटरवर आणला, तर सव्वादोन किलोत भागतं. मधले पाच किलो म्हणजे पंचवीस किलोच्या संसारात केवढी चैन! एखादा जास्तीचा कॅमेरा, मोठी बॅटरी, जाडसर अँटेना. कक्षा आखणारी माणसं या वेगबदलाला डेल्टा-व्ही म्हणतात आणि त्याबद्दल महिनाअखेरीच्या पैशांसारखं बोलतात: किती उरलाय, कुठे गेला, अडीअडचणीला किती बाजूला ठेवलाय.

लांबच्या वाटेचा पहिला मोठा किस्सा जपानच्या हिटेन यानाचा. १९९० च्या जानेवारीत ते निघालं, वजन दोनशे किलोच्या आसपास. त्याच्यासोबत हागोरोमो नावाचं एक पिल्लू होतं. चंद्राभोवती फिरायचं होतं ते या पिल्लानं. हिटेननं पृथ्वीभोवतीच लांबट घिरट्या घालायच्या होत्या. पण हागोरोमोचा ट्रान्समीटर बंद पडला. मार्चमध्ये ते सोडलं खरं, पण चंद्राच्या कक्षेत गेलं की नाही हे सांगायला त्याच्याकडे आवाजच नव्हता. मग प्रश्न आला की हिटेनलाच चंद्रावर पाठवता येईल का. सरळ वाटेनं जाण्याइतकं इंधन त्याच्याकडे नव्हतं, कारण त्याला तिथे जायचंच नव्हतं.

अमेरिकेत जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एडवर्ड बेलब्रुनो नावाचे गणिती बरीच वर्षं एका वेडानं झपाटलेले होते. पृथ्वी, चंद्र आणि सूर्य यांच्या ओढी जिथे जवळजवळ एकमेकींना तोलतात, तिथे यान 'धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही' अशा अवस्थेत असतं. अशा जागी अगदी हलका धक्का दिला तरी पुढचा सगळा प्रवास बदलतो. या जागा वापरून चंद्रापाशी जवळजवळ ब्रेक न मारता पोचता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी आणि जेम्स मिलर यांनी हिटेनसाठी वाट काढून दिली. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये हिटेन चंद्रापाशी पोचलं, पुढे १९९३ च्या फेब्रुवारीत त्याच्या कक्षेत शिरलं आणि त्याच एप्रिलमध्ये चंद्रावर मुद्दाम आदळवलं गेलं. बेलब्रुनो चित्रकारही आहेत. मला हे कळलं तेव्हा नवल वाटलं नाही. ही वाट आकड्यांत दिसायच्या आधी डोळ्यांना दिसावी लागते.

ती कशी चालते ते माझ्या पडद्यावर सूर्य उगवल्यानंतर मला दिसलं. आकडे मोठे गमतीचे आहेत. दोनशे किलोमीटर उंचीवरून चंद्राइतकं लांब जायला सेकंदाला १०.९२ किलोमीटर वेग लागतो. चंद्राच्या चौपट लांब, पंधरा लाख किलोमीटरवर जायला लागतो १०.९९. फरक फक्त सत्तर मीटरचा. एवढा जादा धक्का यानाच्या टाकीतून द्यायचा नसतो, तो रॉकेटच देऊन टाकतं. म्हणजे चौपट लांब जाणं जवळजवळ फुकट. पण तिथे पोचेपर्यंत यान पार मेटाकुटीला येतं. नुसत्या पृथ्वीचा हिशेब धरला तर त्या टोकाला त्याचा वेग सेकंदाला पन्नास मीटरच्याही खाली, ताशी पावणेदोनशे किलोमीटरवर येतो. अवकाशाच्या मानानं हे रांगणंच.

आणि इथेच सूर्य कामाला येतो. सूर्य यानाला जितका ओढतो आणि पृथ्वीला जितका ओढतो यांत थोडा फरक असतो. समुद्राच्या भरती-ओहोटीत सूर्याचा जो वाटा असतो, तो याच फरकाचा. पृथ्वीजवळ हा फरक चिल्लर आहे. पंधरा लाख किलोमीटरवर, यान असं रांगत असताना, आठवडेच्या आठवडे तो त्याला हळूहळू रेटत राहतो. परत येताना पृथ्वीला खेटून न जाता यानानं चंद्राच्या अंतरावरूनच वळावं, यासाठी त्या टोकाला सेकंदाला तीनशे तीस मीटरच्या आसपास वेग हवा. म्हणजे जवळजवळ दोनशे ऐंशी मीटरचा तुटवडा. तो सूर्य भरून काढतो. मग यान चंद्राच्याच दिशेनं, जवळपास चंद्राच्याच गतीनं त्याच्या बाजूला येऊन लागतं.

अर्थात सूर्य काही आपला नोकर नाही. वाटेचं ते दूरचं टोक सूर्य-पृथ्वी रेषेच्या हिशेबात चुकीच्या चतकोरात पडलं, तर तोच सूर्य वेग द्यायच्या ऐवजी काढून घेतो आणि यान थेट पृथ्वीच्या वातावरणात येऊन जळतं. माझी अशी तीन जळली.

द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. तीन दिवसांच्या वाटेला साडेतीन-चार महिने. पण त्यात एक अनपेक्षित सोय आहे. नासाची ग्रेल ही जुळी यानं २०११ च्या सप्टेंबरमध्ये याच जातीच्या वाटेनं निघाली. उड्डाण दोन दिवस पुढे गेलं, तरी पोचायच्या तारखा जागच्या हलल्या नाहीत: एक ३१ डिसेंबरला, दुसरं १ जानेवारीला. एवढ्या लांबच्या वाटेवर सुरुवातीचे दोन-चार दिवस कुठेही जिरवता येतात. दक्षिण कोरियाचं दानुरी २०२२ च्या ऑगस्टमध्ये निघून डिसेंबरात पोचलं, तेही असंच लांबून. छोट्या यानांना ही सोय फार मोलाची, कारण त्यांतली बरीचशी दुसऱ्याच्या रॉकेटवर कोपऱ्यात बसून जातात. मुहूर्त त्यांना विचारून ठरत नाही.

चंद्रयान-३ च्या वेळी अनेकांनी विचारलं होतं की अपोलोला तीन दिवस पुरले तर यांना चाळीस दिवस का. ती वाट वेगळी. दर फेरीत पृथ्वीच्या अगदी जवळ आल्यावर इंजिन चालवायचं आणि कक्षा टप्प्याटप्प्यानं लांबवत न्यायची. त्यात सूर्याची मदत घेतलेली नाही. युरोपच्या स्मार्ट-१ ची तर तिसरीच तऱ्हा. त्याच्या आयन इंजिनाचा जोर जेमतेम सत्तर मिलिन्यूटन, म्हणजे तळहातावर सात ग्रॅम वजन ठेवावं तेवढा. २००३ च्या सप्टेंबरात निघालेलं ते यान गोल गोल फिरत २००४ च्या नोव्हेंबरात चंद्राच्या ताब्यात गेलं. ही वाट मी करून पाहिली नाही. तेवढा धीर नाही माझ्यात.

तर चंद्राकडून निघण्याचं.

पृथ्वीकडून आखायला घेतलं की काय होतं? सरळ वाटेवर सुरुवातीच्या वेगात सेकंदाला एक मीटर चूक झाली तर कक्षेचं दूरचं टोक चार हजार किलोमीटरनं सरकतं. अख्खा चंद्रच मुळी साडेतीन हजारांचा! लांबच्या वाटेवर तीच एका मीटरची चूक साठ हजार किलोमीटरच्या आसपास जाते. आणि नुसतं चंद्रापाशी जाऊन भागत नाही. ठरावीक बाजूनं, ठरावीक हलक्या वेगानं जायचं असतं. मी पृथ्वीवरून सुया फेकत होते आणि चार लाख किलोमीटरवरच्या दोऱ्यात त्या ओवल्या जाव्यात अशी आशा धरून होते.

गुरुत्वाकर्षणाचं गणित काळाच्या दिशेला जुमानत नाही. वेगाची दिशा उलटी केली की यान आल्या वाटेनं परत जातं. म्हणून काळाला उणे चिन्ह द्यायचं. यान आधीच चंद्राभोवती पोचलंय, आपल्याला हव्या त्याच कक्षेत सुखानं फिरतंय, असं धरायचं. मग शेवटचा ब्रेक 'परत घ्यायचा', म्हणजे चंद्राच्या सर्वांत जवळच्या बिंदूवर थोडा वेग वाढवायचा आणि ते मागे, भूतकाळात कुठून आलं असेल ते पाहायचं. आता प्रत्येक रेघ चंद्रापाशी पोचतेच, कारण सुरुवातच तिथून आहे. शोधायचं एवढंच की यांतली कोणती रेघ पृथ्वीकडून आली.

त्या रात्री मी वेगात एकेक मीटर फरक करत एकतीस रेघा सोडल्या. पडद्यावर चंद्रातून फुटलेला पिसाराच उभा राहिला. बऱ्याच रेघा चंद्राभोवती दोन-तीन गिरक्या घेऊन त्याच्यावरच पडल्या. काही पृथ्वीभोवती भरकटल्या. पाच-सहा सरळ सूर्याच्या बाजूला निघून गेल्या, परत आल्याच नाहीत. आणि दोन रेघा बाहेर पडल्या, दहा लाख किलोमीटरच्या पुढे गेल्या, तिथे एखाद्याला काही आठवावं तशा मंदावल्या, वळल्या आणि पृथ्वीकडे घसरत आल्या. एक पृथ्वीपासून नव्वद हजार किलोमीटरवरून गेली, दुसरी चाळीस हजारांवरून. दोन्ही निरुपयोगी, कारण रॉकेट सुटतं ते जमिनीलगत. पण त्या दोन मापांच्या मधे कुठेतरी माझी वाट आहे हे आता कळलं होतं. मग मीटरचा सेंटिमीटर झाला, सेंटिमीटरचा मिलिमीटर. पहाटे चारच्या सुमाराला एक रेघ पृथ्वीच्या पृष्ठभागापासून दोनशे तीन किलोमीटरवर येऊन टेकली. मी उठून अंधारातच घरभर एक चक्कर मारली.

एकमेकींना ओढणाऱ्या तीन वस्तूंच्या या गणितात चुकलेल्यांची परंपरा थोर आहे, हे त्यानंतर वाचनात आलं आणि बरं वाटलं. स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त एक गणितस्पर्धा ठेवली होती. हेन्री प्वाँकारे यांना १८८९ मध्ये या प्रश्नावरच्या निबंधासाठी तिचं बक्षीस मिळालं. निबंध छापून झाल्यावर त्यात चूक निघाली. फेरछपाईचा खर्च त्यांनी स्वतः सोसला आणि तो बक्षिसाच्या रकमेपेक्षा जास्त भरला. पण चूक दुरुस्त करता करता त्यांना दिसलं की अशा प्रवासात सुरुवातीचा बारीकसा फरक पुढे कुठल्या कुठे नेऊन सोडतो. माझे ते साठ हजार किलोमीटर त्यातलेच. बेलब्रुनोंनी नेमकी हीच खोड कामाला लावली: जिथे बारीक फरकानं एवढं बिघडतं, तिथे बारीक फरकानं तेवढंच घडवताही येतं.

मी नक्कल करत होते ती कॅपस्टोनची. पंचवीस किलोचं, मायक्रोवेव्ह ओव्हनएवढं यान. २८ जून २०२२ ला न्यूझीलंडमधल्या माहिया द्वीपकल्पावरून इलेक्ट्रॉन नावाच्या जेमतेम अठरा मीटर उंचीच्या रॉकेटवर ते निघालं. त्याला जायचं होतं एका विचित्र लांबट कक्षेत: चंद्राच्या एका ध्रुवावरून सुमारे सोळाशे किलोमीटरवर, आणि दुसऱ्या टोकाला सत्तर हजार किलोमीटरवर. एक फेरी साडेसहा दिवसांची. पुढे गेटवे हे स्थानक अशाच कक्षेत ठेवायचा बेत होता, त्याची ही आगाऊ चाचणी.

८ सप्टेंबरला, प्रवासाच्या मध्यावर, मार्गदुरुस्तीसाठी इंजिन चालवलं असताना कॅपस्टोन गरगरायला लागलं. एक झडप नीट बंद होत नव्हती. सौर पट्ट्यांना पुरेसं ऊन मिळेना, इंधन गोठलं. जवळजवळ महिनाभर ते तसंच फिरत राहिलं आणि पृथ्वीवरची माणसं थोडी थोडी वीज साठवून त्याला ऊब देत राहिली. ऑक्टोबरात गरगर थांबवता आली. मी हे परत परत वाचलं ते एका गोष्टीसाठी. झडप बिघडण्याआधी ती दुरुस्ती पुरी किंवा जवळजवळ पुरी झाली होती. त्यामुळे तो सगळा महिना यान गटांगळ्या खात होतं, पण वाटेवरच होतं. महिनोन्महिने आधी कोणीतरी टेबलाशी बसून आखलेल्या वाटेवरून, सूर्य आणि पृथ्वी त्याला नेत होते. १३ नोव्हेंबरला ते चंद्राच्या कक्षेत शिरलं. ठरलेल्या तारखेला.

सगळ्यांचं असं झालं नाही. त्याच डिसेंबरात गेलेल्या लूनर फ्लॅशलाइट या छोट्या यानाची इंजिनं हवा तेवढा जोरच देईनात. इंधनाच्या बारीक नळ्यांत काहीतरी अडकलं असावं असा अंदाज निघाला. माणसांनी नवनव्या वाटा आखून पाहिल्या, कमी जोरात जमतील अशा. पण लांबच्या वाटेलाही योग्य जागी थोडासा धक्का लागतोच, आणि तो थोडासुद्धा मिळाला नाही. २०२३ च्या मे महिन्यात मोहीम संपवली.

माझी दोनशे तीन किलोमीटरवाली रेघ मी दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला पाठवली. चित्र, आकडे, सगळं. तासाभरानं तिचा निरोप आला: "छान. निघणार कधी?"

हे मी पाहिलंच नव्हतं. चंद्रावर पोचायची तारीख मी सहज म्हणून दोन महिन्यांनंतरची टाकली होती. काळ उलटा चालवल्यावर निघायची तारीख आपण ठरवत नाही, ती उत्तरात येते. प्रवास एकशे तीन दिवसांचा निघाला होता. म्हणजे मी दीड महिन्यापूर्वीच निघायला हवं होतं.

"दोन चांद्रमास पुढे ढकल," तिनं लिहिलं. "सूर्य, पृथ्वी, चंद्र साधारण त्याच मांडणीत येतील. साधारण म्हटलंय हं."

एकोणसाठ दिवस पुढची तारीख घातली. फोर्स मॉडेलच्या यादीत सूर्य आहे ना, एकदा पाहून घेतलं. रेघ लूनापासून निघाली, मागे मागे गेली, तशीच मंदावली, तशीच वळली आणि पृथ्वीपासून अकरा हजार किलोमीटरवरून निघून गेली. वेग अर्ध्या मीटरनं कमी केला आणि पुन्हा चालू केलं.